चेंबर खोललं त्या दिवशी

प्रिय राजा,

फोन ठेवला की मला नेहमी आठवतं, सांगायचं होतं ते राहूनच गेलं. दोष तुझाच आहे. तू आधी बाबांच्या गोळ्या विचारतोस, मग माझं ब्लडप्रेशर विचारतोस, मग जेवलीस का विचारतोस, आणि मी खरं काही बोलायला तोंड उघडते तोवर तुझ्या शाळेची घंटा होते. गणिताच्या मास्तरांना घंटेपुढे आई कोण! म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. कागद मला मध्येच तोडत नाही. बाबा समोरच्या खुर्चीत आहेत आणि मी काय लिहिते यावर त्यांचं बारीक लक्ष आहे, तेव्हा त्यांच्याबद्दल वाईटसाईट लिहायची आज सोय नाही.

तू विचारलं आहेस की शनिवारी टेम्पो घेऊन येऊ का. गॅरेजची जागा शेजारच्या बेकरीवाल्याला देऊन टाकायची, शटर कायमचं ओढायचं आणि आम्ही दोघांनी तुझ्याकडे राहायला यायचं. सूनबाईने खोली रंगवून घेतली म्हणे, बाबांना धरायला बाथरूममध्ये दांडासुद्धा बसवला. गुणाची आहे पोरगी. तिला सांग, दांड्याचं ऐकून मला रडू आलं होतं आणि तू फोनवर विचारलंस तेव्हा मी सर्दी झाल्याचं खोटं सांगितलं. तुला उत्तर देणार आहे, पण माझ्या पद्धतीने. मधलं सगळं सोडून शेवटचं पान आधी वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे, ती आज करू नकोस. शपथ आहे तुला.

झटका आल्यापासून बाबा कसे झाले होते ते तू पाहून गेलास. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. पाय थोडा परत आला, काठीने चालतात. पण तू गेल्यावर जे झालं ते मी तुला सांगितलं नव्हतं. त्यांनी खुर्ची फिरवून घेतली. आपल्या स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणारं ते दार आहे ना, त्याच्याकडे पाठ करून बसायचे. दिवसभर भिंत बघायची. शटर उघडू का विचारलं की मान नाही म्हणून हलायची. बोलणं शिकवणाऱ्या बाई फार चांगल्या आहेत, पण त्या चित्रं दाखवतात. कप, मांजर, छत्री. हे काय आहे, सांगा बघू, असं लाडात विचारतात. ज्या माणसाने आयुष्यभर नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगितलं, त्याच्यापुढे मांजराचं चित्र धरायचं! ते तोंड फिरवायचे आणि बाईंच्या आधी मलाच कानकोंडं व्हायचं. तेव्हा मीही मनातून ठरवलंच होतं की तुझ्याकडे जावं. माझेही हात टेकले होते रे.

मग गेल्या आठवड्यात सोमवारी आम्ही बाईंकडून परत येत होतो. गाडी अर्थातच मी चालवत होते. चौकात सिग्नलला थांबलो आणि समोर लाल दिवा लागला. सिग्नलचा नव्हे, गाडीतला. ती तेलाच्या किटलीची खूण असते ना, ती. फडफडत होती, लागायची, विझायची, मग लागूनच राहिली. घर अगदी जवळ आलं होतं. मी म्हटलं, जाऊ तसंच हळूहळू, दुपारी बघू कोणाला तरी दाखवून. एवढं म्हणते आहे तोवर बाबा एकदम वाकले, डावा हात मध्ये घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. भर चौकात! सिग्नल सुटला, मागून हॉर्नचा नुसता गदारोळ, एक रिक्षावाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला. मी बाबांवर ओरडले. काय वेड लागलंय का तुम्हाला, असं म्हणाले. त्यांनी किल्ली काढून मुठीत धरली होती आणि माझ्याकडे असे बघत होते की बघतच राहावं. रागावले होते, राजा. इतक्या महिन्यांनी ते कोणावर तरी रागावले होते. मला तिथे चौकातच हसू फुटलं आणि रडू पण.

गाडी ओढून आणली बेकरीवाल्याने, त्याच्या पावांच्या गाडीला दोर बांधून. माणूस तसा देवासारखा धावून आला, पण गॅरेजमध्ये शिरल्या शिरल्या त्याची नजर भिंतींवर. भट्टी कुठे बसेल, पिठाची पोती कुठे राहतील, हे त्याच्या डोळ्यांत वाचता येत होतं. वर शहाणपण शिकवायला लागला की हा दिवा असाच लागतो, त्याची वायर उपटून टाका, म्हणजे डोक्याला ताप नाही. बाबांनी काठी जमिनीवर अशी आपटली की तो बिचारा पीठ झटकत निघूनच गेला. खरं आहे बाबांचं. इंजिनात तेलाचा दाब नसेल तर आतलं लोखंड लोखंडावर कोरडंच घासतं आणि थोड्याच वेळात सगळं जाम होतं. दिवा उपटून ते थांबणार आहे का? इतकी वर्षं मी गॅरेजचा फोन घेतला, सुटे भाग मागवले, गिऱ्हाइकांची रडगाणी ऐकली, त्यामुळे भागांची नावं मला सगळी पाठ. हातात पाना मात्र कधी धरला नव्हता. आणि त्या दिवशी बाबांनी टेबलावरचा पाना उचलला आणि माझ्यापुढे धरला.

मी तुझी जुनी पँट घातली. कपाटात खाली पडली होती ती खाकी. पायांशी दुमडून दुमडून घ्यावी लागली, कमरेला मात्र बेताचीच बसली, हसू नकोस. बाबा स्टुलावर बसले आणि डाव्या हाताने दाखवायला लागले. आधी तेल मोजायची पट्टी. काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल दोन खुणांच्या मध्ये, जिथे हवं तिथेच. त्यांनी ते बोटांत चोळलं, नाकाशी धरलं. पेट्रोलचा वास नाही, पाणचट नाही. म्हणजे तेल कमी नाही आणि बिघडलेलंही नाही. मग भिंतीवरच्या दाब बघायच्या मीटरकडे बोट. त्या दिव्याला जो सेन्सर कळवतो, तो काढून त्याच जागी मीटरची नळी फिरवून बसवायची. सेन्सरच बिघडला असेल तर मीटर खरं सांगेल. हे सांगायला तुझ्या बाबांना पूर्वी एक वाक्य लागलं असतं. आता आम्हाला अख्खी दुपार लागली. मी उलटा आटा फिरवला की ते कपाळाला हात लावायचे. मी म्हणायचे, अहो, मग सांगा ना नीट. आणि म्हटल्यावर माझीच जीभ चावायचे. पण त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. पुन्हा हात धरून दाखवायचे.

इंजिन सुरू केलं. काटा चांगला वर गेला आणि मी टाळी वाजवणार, तेवढ्यात उतरायला लागला. गरम झालं तसा अगदी तळाला आला. बाबांनी लगेच बंद करायला लावलं. म्हणजे दिवा खरं बोलत होता. एवढं मलाही ठाऊक आहे की आतली बेअरिंगं झिजली असली तरी दाब असाच पडतो, आणि मग इंजिन पूर्ण उतरवावं लागतं. ते माझ्याच्याने होणं शक्य नाही. मला वाटलं, संपलं. आता हे पुन्हा भिंतीकडे तोंड करणार आणि राजा टेम्पो घेऊन येणार. पण बाबांनी लांब स्क्रू ड्रायव्हर मागितला. पुन्हा जरासं सुरू करून त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. त्या दोन मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते विचारू नकोस. त्यांनी डोळे उघडले आणि अंगठा वर केला. ठोका नव्हता. बेअरिंगं शाबूत होती. माझा जीव भांड्यात पडला.

मग पुढचा सगळा दिवस त्यांनी काट्याशी खेळण्यात घालवला. बंद करायचं, थांबायचं, सुरू करायचं. थांबून सुरू केलं की दाब छान, आणि जरा रेस केली की वाढायचा सोडून खाली. मला काही बोध होईना. त्यांना झाला होता, पण सांगता येईना. ग, ग, करत अडकायचे, मग चिडायचे, मग मांडीवर मूठ मारायचे. मी म्हटलं राहू द्या, चहा करते. तर काठी टेकत माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. मी चहा गाळायला घेतला तसं त्यांनी माझा हात धरला आणि गाळण्यातल्या पत्तीकडे बोट दाखवलं. पत्ती तळाशी बसली होती आणि चहा थेंब थेंब पडत होता. मग त्यांनी गाळणं उचलून सिंकमध्ये आपटलं, पत्ती सुटली, आणि पुन्हा माझ्या तोंडापुढे धरलं. अग बाई! मी ओरडलेच. इंजिनाच्या तळाशी तेलाचं जे भांडं असतं, ज्याला तुम्ही लोक चेंबर म्हणता, त्यात पंपाच्या तोंडाला जाळी असते. त्या जाळीवर काहीतरी येऊन बसत होतं. पंप जोरात ओढायला लागला की कचरा जाळीला चिकटायचा, बंद केलं की सुटून खाली पडायचा. कोणतंही चित्र नाही, कार्ड नाही, माझ्याच गाळण्याने माझ्याशी बोलला हा माणूस. आता ते गाळणं वाकडं झालं आहे, तेव्हा येताना नवीन आण.

चेंबर खोलायला मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. हो, तुझी आई, जिला झुरळ दिसलं की खुर्चीवर चढावं लागतं. आधी तेल खाली काढलं, मग एकेक बोल्ट. बाबा खड्ड्याच्या काठावर बसून वरून बॅटरी धरत होते आणि उजेड बरोबर माझ्या डोळ्यांवर पाडत होते. बोल्ट सगळे निघाले तरी चेंबर हलेना. घट्ट चिकटलं होतं. लाकडी हातोडीने बाजूबाजूने ठोकलं तेव्हा कुठे एकदाचं सुटलं आणि उरलेलं तेल माझ्या बाहीतून थेट काखेपर्यंत गेलं. आणि मग मी पाहिलं. चेंबरच्या कडेला, सांध्यात भरायचं ते सिलिकॉन होतं, पण किती! जाडच्या जाड, कुठे वाकडं, कुठे दोनदा लावलेलं, आतल्या बाजूला गोळे लोंबत होते. त्याचेच तुकडे सुटून जाळीवर बसले होते. जाळी अर्धीअधिक बुजली होती.

तुला आठवत असेल, असं सिलिकॉन थापणाऱ्याला बाबा काय म्हणायचे. तुला तर आठवणारच. दहावीच्या सुट्टीत तू हौसेने गॅरेजमध्ये आला होतास, एक कव्हर बसवलंस आणि वरून सिलिकॉनची अख्खी ट्यूब पिळलीस. बाबा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, बघा, आमच्या घरात गवंडी जन्माला आला, भिंतच बांधली पठ्ठ्याने. सगळे हसले. तू पाना खाली ठेवलास, हात पुसलेस, आत येऊन जेवलास आणि त्यानंतर गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नाहीस. चांगलंच झालं म्हणा, किती पोरांना गणित येतं तुझ्यामुळे. पण ते दोघांनीही परत कधी काढलं नाही, आणि मी मधल्या मध्ये दोघांची ताटं वाढत राहिले.

आता ऐक. हे चेंबर बाबांनी स्वतः बसवलं होतं. तेल गळत होतं म्हणून काढलं होतं, झटका यायच्या आधीच्या आठवड्यात. त्यांच्या हातची सिलिकॉनची रेघ कशी असायची ते तू पाहिलं आहेस, सुतासारखी, सलग. खड्ड्यात उभी राहून ते गोळे बघताना मला सगळं कळलं. त्या आठवड्यात त्यांच्या हातून कप पडला होता. सदऱ्याची बटणं खालीवर लागली होती आणि मी त्यांची चेष्टा केली होती. हात आधीच जायला लागला होता रे. त्यांना ते कळत असणार, म्हणून गळू नये, गळू नये, करत पुन्हा पुन्हा लावलं असणार. मी ते तुकडे मुठीत घेतले आणि वर म्हटलं, मळी साचली होती हो, जुनं तेल, दुसरं काही नाही. तर वरून डावा हात खाली आला. उघडा पंजा. मी दुसरीकडे बघायला लागले. हात तसाच. मी पुन्हा म्हटलं मळी होती. हात हलेना. शेवटी ठेवले त्यांच्या तळव्यावर.

ते बराच वेळ बघत बसले. एक तुकडा अंगठ्याने दाबून पाहिला. हल्ली त्यांना पटकन रडू येतं, डॉक्टर म्हणाले होते तसं होईल. मी खड्ड्यातून चढून वर यायला लागले, म्हटलं आता यांना सावरायला हवं. आणि ते म्हणाले, गवंडी. स्पष्ट. अडखळत सुरू झालं, पण पूर्ण बाहेर आलं. गवंडी. आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग हसायला लागले. अर्धाच चेहरा हसतो आता त्यांचा, पण आवाज पूर्वीचाच, तो गॅरेजभर घुमणारा. मी काखेपर्यंत तेलाने माखलेली, खड्ड्याच्या काठावर बसले आणि त्यांच्याबरोबर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बेकरीवाला पाव हातात घेऊन बघायला आला की यांना झालंय काय.

बाकीचं काम मग आनंदाने झालं. जाळी धुतली, पंपाच्या तोंडाचं रबरी कडं नवीन टाकलं, चेंबरची कड खरवडून आरशासारखी केली. सिलिकॉन मी लावलं. पहिल्यांदा लावलं तर वरून आवाज आला, गवंडी. पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा गवंडी. शेवटी एकदा लागली बारीक रेघ, तेव्हा गप्प बसले, आणि त्यांचं गप्प बसणं म्हणजे शाबासकी हे तू जाणतोसच. सुकू दिलं. नवा फिल्टर, नवं तेल. लगेच सुरू नाही करायचं, आधी प्लगची वायर काढून नुसता स्टार्टर मारायचा, म्हणजे कोरडं इंजिन पळत नाही. काटा वर आला. मग सुरू केलं, तापू दिलं, रेस दिली. काटा जागच्या जागी. मी मीटर काढून सेन्सर परत बसवला आणि गाडी चौकापर्यंत नेऊन आणली. लाल दिवा लागला तो फक्त सिग्नलचा.

तर उत्तर असं की शनिवारी ये, सूनबाईला घेऊन ये, पण टेम्पो आणू नकोस. बेकरीवाल्याला मी नाही म्हणून सांगून आले. त्याने तोंड वाकडं केलं, पण पावांची गाडी तेल बदलायला माझ्याचकडे लावून गेला. मोठी कामं आम्ही घेणार नाही. बाबांचा हात परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. उद्या मला झेपेनासं झालं तर मीच फोन करीन, तुझ्या खोलीत येऊन राहीन आणि सूनबाईचं डोकं खाईन, दांडा काढू नका. पण आज बाबांची खुर्ची पुन्हा त्या दाराकडे तोंड करून आहे. ती मी फिरवली नाही, त्यांनी स्वतः फिरवली.

आणि हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, तरी पत्र लिहायला बसले, कारण हे पत्र माझं नाहीच. गेल्या रविवारी त्यांनी माझ्या हातून फोन घेतला होता, आठवतं? ग, ग, करत अडकले. घरात निघालेला शब्द फोनवर निघेना. तू प्रेमानेच म्हणालास, राहू द्या बाबा, त्रास नका करून घेऊ, आईला द्या. त्यांनी मुकाट्याने दिला. पण मग आत गेले, पेन्सिल घेऊन आले, आणि त्या दिवसापासून डाव्या हाताने एकच शब्द गिरवत आहेत. चहाच्या वेळी, जेवायच्या आधी, बाईंच्या मांजराच्या चित्रामागेसुद्धा. मी विचारलं, राजाला लिहायचंय का, तर मान डोलावली. मी विचारलं, त्या सुट्टीतल्या दिवसाबद्दल का, तर किती वेळ मान डोलावत राहिले. तेव्हा माझी सही झाली की कागद त्यांच्याकडे देते आहे. अक्षराला हसू नकोस, फार मेहनतीने आलं आहे.

तुझीच,
आई

आणि तुझाच,
ग वं डी